उंदरांची पंगत पोटमाळ्यावरच

निकालांचा मोसम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक क्लिप हमखास फिरते. पिक्सारच्या ‘रॅटाटूई’ सिनेमातला खडूस समीक्षक अँटोन इगो आपलं शेवटचं परीक्षण वाचून दाखवतोय. त्याचा मथितार्थ असा, की प्रत्येक जण काही थोर कलावंत होऊ शकत नाही, पण थोर कलावंत कुठूनही येऊ शकतो. क्लिपखाली पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं, ‘टॅलेंटला जात नसते!’ यंदा ही क्लिप मला तीन ग्रुपांवर आली. एक कॉलेजचा, एक ऑफिसचा आणि तिसरा आपल्याच पोरापोरींचा, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचा. पहिल्या दोन ग्रुपांबद्दल माझी तक्रार नाही. ते त्यांच्या सोयीचं तेच पाठवणार. तिसऱ्या ग्रुपावर मात्र त्या क्लिपखाली चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हा लेख त्या चाळीस जणांसाठी आहे.

हा सिनेमा मला आवडतो, हे आधीच सांगून टाकते. हॉस्टेलच्या खोलीत, एका लॅपटॉपपुढे आम्ही चौघी बसून पेनड्राइव्हवरून आणलेला ‘रॅटाटूई’ पाहिला होता. चौघीही घरातल्या पहिल्या पदवीधर. शेवटी आम्ही रडलो होतो. त्यानंतर मी तो किमान सात-आठ वेळा पाहिला असेल. तेव्हा हा राग एखाद्या फालतू सिनेमावरचा नाही. एवढ्या जवळ येऊन दार न उघडता परत फिरलेल्या सिनेमावरचा आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2007 साली आलेला, ब्रॅड बर्ड दिग्दर्शित हा सिनेमा. पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. रेमी नावाच्या उंदराचं नाक विलक्षण तीक्ष्ण आहे. दिवंगत शेफ गुस्तोचं ‘कोणीही स्वयंपाक करू शकतं’ हे वचन त्याने मनावर घेतलंय. योगायोगाने तो पॅरिसमध्ये गुस्तोच्याच रेस्टॉरंटात पोचतो. तिथे लिंग्विनी नावाचा, कचरा उचलण्याच्या कामावर लागलेला पोरगा आहे, ज्याला स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नाही. रेमी त्याच्या उंच टोपीत लपून, त्याचे केस ओढून त्याचे हात चालवतो. पदार्थ रेमीचे, नाव लिंग्विनीचं.

आता यात आपल्याला ओळखीचं काय आहे, हे मी वेगळं सांगायला नको. तीक्ष्ण नाकाच्या पोराला त्याचा बाप पहिलं काम कुठलं देतो? अन्नात विष आहे का ते हुंगण्याचं. गुण ओळखला गेला, पण लगेच टोळीच्या जुन्या कामाला जुंपला गेला. आणि ती टोपी! टोपीखाली बसून काम करणं म्हणजे काय, हे पूर्ण नाव विचारल्यावर आडनाव खाऊन टाकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीला गेले तेव्हा त्यांना पारशी पथिकाश्रमात पारशी नावाने राहावं लागलं होतं. ओळख फुटली तेव्हा काठ्या घेतलेला जमाव दारात आला. कोलंबिया विद्यापीठातलं शिक्षण त्या दारात काही कामाला आलं नाही.

सिनेमातही असा एक क्षण आहे आणि तो खरा आहे. लिंग्विनी सगळ्या आचाऱ्यांना गोळा करतो आणि सांगून टाकतो, की इतके दिवस तुम्ही ज्याचं कौतुक केलंत तो स्वयंपाक या उंदराचा. कुणी ओरडत नाही, कुणी वाद घालत नाही. एकेक जण अ‍ॅप्रन काढून ठेवतो आणि चालता होतो. इथे संगीत चढवून कुणाचं मन वळवण्याचा सोपा रस्ता दिग्दर्शकाला मोकळा होता, तो त्याने घेतला नाही. नंतर परत येते ती फक्त कोलेट, त्या स्वयंपाकघरातली एकटी बाई. तिथे टिकण्यासाठी दुप्पट कठोर व्हावं लागतं हे तिने सिनेमाच्या सुरुवातीलाच बजावलेलं असतं. तीच परत येते, हे मला योगायोगाचं वाटत नाही.

इथपर्यंत सिनेमा आपला आहे. पुढे तो हातातून निसटत जातो.

माझी मावशी अनेक वर्षं लग्नाच्या केटरिंगच्या कामाला जायची. भाजी चिरणं, लसूण सोलणं, शेवटी पातेली घासणं. कढईजवळ ‘महाराज’. तिथे तिला उभं करत नसत आणि का ते कुणी बोलून दाखवत नसे. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली होती तेव्हा तिला हा सिनेमा दाखवला, अधूनमधून अर्थ सांगत. संपल्यावर तिने एकच विचारलं, “मग त्या उंदराला पगार किती?”

मी इतक्या वेळा सिनेमा पाहिला, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. रेमीला पगार नाही. आणि मालक कोण होतो ते पाहा. गुस्तोने मृत्युपत्रात लिहून ठेवलंय, की दोन वर्षांत कुणी वारस पुढे आला नाही तर रेस्टॉरंट त्याच्या हाताखालच्या शेफकडे, म्हणजे स्किनरकडे जाईल. लिंग्विनी हा गुस्तोचा मुलगा निघतो; केसाच्या डीएनए तपासणीने ते सिद्ध होतं. कचऱ्याची बादली उचलणारा पोरगा एका दिवसात रेस्टॉरंटचा मालक होतो. त्याला आम्लेट धड जमत नाही, तरी रक्त बरोबर आहे. गंमत म्हणजे स्किनरच्या ऑफिसातून ती कागदपत्रं जिवावर उदार होऊन पळवून आणतो तो रेमीच! स्वयंपाक रक्ताने येत नाही असं सांगणारा सिनेमा मालकी रक्ताने येते हे मात्र बिनतक्रार मान्य करतो. त्यावर एकही पात्र भुवई उंचावत नाही. स्किनर खलनायक आहे, मान्य. गुस्तोच्या नावाने फ्रोझन माल विकतो. पण त्याच्याकडून रेस्टॉरंट काढून घेण्याचं कारण तो वाईट शेफ आहे हे नसतं. तो मुलगा नाही, हे असतं.

आपल्याकडे गुणवत्तेवर सगळ्यात मोठ्याने बोलतात ती माणसं दुकान, शेती, क्लिनिक, वकिलीचं ऑफिस आणि शिक्षणसंस्था कुणाच्या हवाली करतात, ते बघा एकदा.

दुसरी गोष्ट चवीची. सिनेमाचा सगळा डाव एका क्रमावर उभा आहे. इगो आधी खातो, मग त्याला स्वयंपाक करणारा दाखवतात. जीभ आधी जिंकली जाते, त्यामुळे नंतर मन नाही म्हणू शकत नाही. म्हणजे सिनेमाचं गृहीतक असं, की पूर्वग्रह हा न चाखल्यामुळे असतो. एकदा चाखलं की तो गळून पडेल.

हा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे, आणि तोही पुण्यात. 2017 साली हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली, की सोवळ्यातल्या स्वयंपाकासाठी ठेवलेल्या बाईने आपली जात लपवली. क्रम अगदी सिनेमातलाच. आधी स्वयंपाक झाला, देवाला नैवेद्य दाखवून झाला, जेवणं झाली, आणि मग टोपीखाली कोण होतं ते कळलं. पुढे काय व्हायला हवं होतं? इगोसारखं बालपण आठवून डोळे भरून यायला हवे होते. झाली तोतयेगिरीची तक्रार. गदारोळ झाल्यावर ती मागे घेतली गेली, तो भाग वेगळा. आणि ती स्वयंपाक करणारी बाई दलितही नव्हती, मराठा होती. श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. वरच्या पायरीवरून पाहिलं की खालच्या सगळ्याच पायऱ्यांवर विटाळ दिसतो.

दुसरीकडे 2021च्या डिसेंबरात उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं खायला नकार दिला. तिथे चव हा मुद्दाच आला नाही, कारण घास तोंडापर्यंत गेलाच नाही. तिला कामावरून काढलं, नेमणुकीत नियम पाळले नाहीत असं कारण दिलं. देशभर बोंब झाल्यावर परत घेतलं. ही मुलं म्हणजे काही इगोसारखे आयुष्यभर जीभ घासून तयार झालेले समीक्षक नव्हेत. ‘लहान मुलांचा सिनेमा आहे, त्यात कशाला जात आणता?’ असं ज्यांना विचारायचं आहे त्यांनी त्या शाळेतल्या मुलांना ती कुणी शिकवली ते आधी शोधावं. शिवाय क्लिपखाली ‘टॅलेंटला जात नसते’ हे मी लिहिलेलं नाही. जात तिथे तुम्हीच आणलीत.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. मी इतका वेळ आपल्याला रेमीच्या जागी ठेवून बोलतेय, पण रेमी उंदीर आहे आणि आपण माणसं आहोत. बिहार-उत्तर प्रदेशात एका अख्ख्या समाजाला ‘मुसहर’ म्हणतात, त्याच्या नावातच उंदीर घालून ठेवलाय. त्या समाजातल्या मुलाला ‘तू रेमी आहेस’ म्हणून पाठ थोपटणं हे कौतुक आहे का?

आणि रूपक इथेच सगळ्यात जास्त फसतं. स्वयंपाकघरात उंदीर नको, हा नियम काही पूर्वग्रह नाही. उंदरांमुळे रोग पसरतात. सिनेमातला आरोग्य निरीक्षक रेस्टॉरंट बंद करतो तेव्हा तो आपलं काम चोख करत असतो. उंदीर त्याला बांधून कोठारात टाकतात आणि आपण हसतो, पण मनाच्या एका कोपऱ्यात आपल्याला माहीत असतं की तोच बरोबर आहे. म्हणजे ज्याच्यावर अन्याय दाखवायचा त्याच्याबद्दलची किळस सिनेमाने आधीच सकारण करून ठेवली. एवढंच नाही, शेवटच्या मोठ्या प्रसंगात सगळे उंदीर मदतीला येतात तेव्हा त्यांना पहिल्यांदा भांडी धुण्याच्या यंत्रातून वाफेने धुऊन काढतात. ओट्याजवळ जायच्या आधी शुद्धीकरण! जातीत मात्र असं काहीही धुण्यासारखं नसतं. भोजनमातेच्या हाताला काही लागलेलं नव्हतं. मावशीचे हात तर दिवसभर पाण्यातच असायचे. भेदभाव करणाऱ्याच्या बाजूने जिथे जीवशास्त्र उभं आहे अशी उपमा घेऊन जातीबद्दल बोलायला गेलं की तो भेदभाव निदान समजण्यासारखा तरी वाटू लागतो. प्राणी घेऊन माणसांच्या विषमतेवर सिनेमे काढणाऱ्यांची ही जुनी चूक आहे. नंतर ‘झूटोपिया’नेही शिकारी आणि सावज घेऊन तीच केली.

तरीही, धुऊन काढलेले का होईना, ते उंदीर स्वयंपाकघरात शिरतात आणि पुढची काही मिनिटं हा सिनेमा जे व्हायला हवा होता ते होतो. आचारी निघून गेलेत, बाहेर हॉल भरलाय, इगो येऊन बसलाय. रेमीचा बाप जँगो, जो आयुष्यभर पोराला सांगत आला की माणसं आपल्याला मारतातच, ज्याने त्याला औषधवाल्याच्या दुकानात टांगलेले मेलेले उंदीर नेऊन दाखवले, तो म्हणतो आम्ही स्वयंपाकी नाही, पण आम्ही एक कुटुंब आहोत, तू सांग काय करायचं. आणि कालपर्यंत उकिरड्यावर जगणारी ती जमात मासे भाजते, सॉस ढवळते, ताटं सजवते. यांतल्या एकाचंही नाक रेमीसारखं नाही. कुणालाही गुस्तो स्वप्नात दिसत नाही. संधी, थोडं शिक्षण, हाती भांडी आणि सांगणारा आपला माणूस एवढं मिळालं, तर पॅरिसमधल्या नावाजलेल्या रेस्टॉरंटाची एक संध्याकाळ त्यांनी निभावून नेली. ‘कोणीही’ या शब्दाचा पुरावा याहून मोठा काय असतो?

आणि दुसऱ्या दिवशी इगोचं परीक्षण येतं. त्यात एक शेफ आहे, एकटा आणि असामान्य. बाकीच्यांबद्दल एक शब्द नाही. गुस्तोच्या ‘कोणीही’चा अर्थ आपल्याला आता कळला असं इगो सांगतो आणि तो अर्थ काय, तर प्रत्येकाला जमत नाही, पण एखादा कुठूनही येऊ शकतो. एका वाक्यात ‘कोणीही’चा ‘एखादा’ झाला. सिनेमाने स्वतःच्या डोळ्यांनी शंभर उंदीर रांधताना पाहिले आणि साक्ष एकाचीच नोंदवली.

क्लिप नेमकी त्या वाक्याची फिरते, त्यात नवल नाही. ‘एखादा’ प्रस्थापितांना कधीच जड जात नाही. एखाद्याचा सत्कार करता येतो, त्याचा फोटो बॅनरवर लावता येतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवून उरलेल्या नव्व्याण्णवांना विचारता येतं, की त्याला जमलं मग तुम्हाला काय झालं? आरक्षण हे ‘कोणीही’च्या बाजूचं आहे, म्हणून ते टोचतं. आरक्षणाने डॉक्टर झालेला मुलगा असामान्य असायलाच हवा अशी अट नाही. तो बाकीच्या डॉक्टरांइतकाच बरा, तितकाच साधारण असला तरी चालतं. साधारण असण्याचा हक्क इगोच्या वर्गाला पिढ्यान् पिढ्या आहे. लिंग्विनी त्याचंच उदाहरण. आपल्याला मात्र आत यायचं तर रेमीचंच नाक लागतं.

आपल्यापैकी बरेच जण घरातले, गल्लीतले, कधी अख्ख्या तालुक्यातले ‘एखादे’ आहेत. नव्या नोकरीत तुमच्याबद्दल ‘तुम्ही तसे वाटत नाही’ असं म्हणून झालं असेल. नंतर हळूच तुम्हाला मुलाखतीच्या पॅनेलवरही बसवतील. तिथे तुमच्यासारखीच अडखळत इंग्रजी बोलणारी मुलगी आली की सगळे तुमच्याकडे बघतील. लहानपणी रेमीला दिलेलं काम आठवा: अन्न हुंगून सांगायचं, विष आहे की नाही. मी त्या खुर्चीवर एकदा बसले आहे. मी काय सांगितलं ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

ज्या पदार्थाने इगो विरघळतो त्याबद्दलही थोडं बोलायला हवं. रॅटाटूई ही दक्षिण फ्रान्समधल्या नीसच्या बाजूची साधी शेतकरी भाजी. वांगी, झुकिनी, टोमॅटो, ढोबळी मिरची. गरिबांच्या जेवणाचा विजय म्हणून हा प्रसंग फार वाखाणला जातो. पण पडद्यावरचा पदार्थ नीट बघा. पातळ गोल चकत्या, एकावर एक रचलेल्या, कडेला सॉसची रेघ. सिनेमाला सल्ला देणारे अमेरिकेतले नामांकित शेफ थॉमस केलर यांनी सुचवलेली ही मांडणी. गरिबाची भाजी टेबलावर आली, पण धुऊन, इस्त्री करून. आणि ती कुणाला आठवते? इगोला, त्याच्या आईच्या हातची. म्हणजे रेमी जिंकतो तो इगोला इगोच्याच घरचं जेवण परत देऊन. उंदरांचं स्वतःचं असं काही त्या ताटात येत नाही. सिनेमाच्या लेखी त्यांना पाककला नाहीच, ते फक्त उकिरडा फुंकतात. भाऊ एमिल काहीही खातो, यावर विनोद होतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांची खाद्यसंस्कृती लिहून ठेवली ती का, हे इथे कळतं. टंचाईतून, नाकारलेल्यातून जे रांधलं जातं त्यालाही पद्धत असते, प्रमाण असतं, चव असते. रेमीने एमिलला विचारायला हवं होतं, तुला यात नेमकं काय आवडतं? विचारतो कुठे? तो त्याला चीज कसं चाखायचं ते शिकवत बसतो.

आता शेवट. इगोची विश्वासार्हता जाते, नोकरी जाते. इथे सिनेमा प्रामाणिक आहे, बाजू घेतली की किंमत पडते हे तो दाखवतो. गुस्तोचं रेस्टॉरंट बंद होतं. मग इगोच्या पैशाने एक छोटं बिस्त्रो निघतं, रेमी आत रांधतो, कोलेट सोबतीला, लिंग्विनी वाढतो. बाहेर रांग लागलेली. दारावर उंदराच्या आकाराची पाटी, म्हणजे उंदीर आता ब्रँडही झाला. आणि कॅमेरा हळूहळू वर जातो. वर पोटमाळ्यावर उंदरांसाठी छोटी टेबलं मांडलेली आहेत, छोटे दिवे आहेत, सगळी जमात मजेत जेवतेय. खाली माणसं, वर उंदीर. एकाच स्वयंपाकघरातलं अन्न, दोन पंगती.

हॉस्टेलमध्ये पाहिला तेव्हा हे दृश्य आम्हाला गोड वाटलं होतं. 2023 साली मुंबईच्या आयआयटीत हॉस्टेलच्या मेसमधली काही टेबलं शाकाहाऱ्यांसाठी राखून ठेवली गेली आणि त्याविरुद्ध तिथे बसून खाल्लं म्हणून एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. ती बातमी वाचताना मला तो पोटमाळा आठवला. त्या टेबलांवरही कुणाला उपाशी ठेवलेलं नव्हतं. अन्न तेच, फक्त बसायची जागा वेगळी.

मागच्या महिन्यात मावशीला फोनवर सांगितलं, की तू विचारलेल्या पगारावर लिहितेय. ती म्हणाली, “पगाराचं राहू दे गं. तो उंदीर स्वतः जेवतो कुठं, वर का खाली?” मी सिनेमा परत लावून पाहिला. वरची सगळी टेबलं भरलेली आहेत आणि खाली एकाही माणसाच्या टेबलावर उंदीर बसलेला नाही.